चादरींच्या फोटोतला कुत्रा

कुत्र्याचं चित्र काढून घ्यावं ही कल्पना माझ्या मुलीची. ती बंगळूरला असते. कुत्रा गेल्यावर पंधरा दिवसांनी तिने मला फोनवर एक लिंक पाठवली. आपल्या प्राण्याचा फोटो पाठवायचा, आठ दिवसांत चित्र घरपोच. खाली नमुने होते. एका कुत्र्याच्या अंगात सेनापतीचा कोट, दुसऱ्याच्या डोक्यावर राजाचा फेटा, एका मांजरीच्या गळ्यात मोत्यांचा हार. प्रत्येकाखाली एक किंमत, तिच्यावर रेघ, आणि शेजारी दुसरी किंमत. मी मुलीला विचारलं, यात भाव कुणाशी करायचा. ती म्हणाली, "आई, मतलब, ऑनलाइन आहे ते. तिथे कोणी बसलेलं नसतं."

जिथे समोर कोणी बसलेलं नसतं तिथून मी आजवर काही घेतलेलं नाही. मी तिला म्हटलं, जयपुरात राहून चित्र फोनवरून मागवायचं असेल तर मी इथे तीस वर्षं काय केलं. चित्र मी इथेच काढून घेईन, आणि तुझ्या त्या रेघ मारलेल्या किमतीच्या खाली.

तीस वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली भुसावळहून जयपूरला झाली. तो रेल्वेत. तेव्हा इथे आपल्या लोकांची चाळीस-पन्नास घरं माझ्या ओळखीची होती, कुणी बँकेतले, कुणी विम्याचे, बाकी आमच्यासारखे रेल्वेचे. दर दोन-तीन वर्षांनी कुणाची तरी बदली व्हायची, आणि निघताना प्रत्येक बाईला नणंदा-जावांसाठी चादरी आणि रजया न्यायच्या असायच्या. भाव करायला त्या मला सोबत न्यायच्या. पहिलं वर्षभर मी नुसत्या चहावर गेले. मग एका दुकानदाराने गिऱ्हाइकं आणल्याबद्दल मला चार उशांचे अभ्रे दिले, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या जिभेला किंमत आहे. पुढच्या सुट्टीत मी स्वतःच एक गठ्ठा घेऊन भुसावळला गेले. आता सांगानेरच्या छपाईच्या चादरी मी खानदेशात आणि नाशकात मिळून अकरा दुकानांना देते. प्रताप नगरातलं हाउसिंग बोर्डाचं घर नवऱ्याच्या पगारावर घेतलं, पण वरच्या दोन खोल्या माझ्या चादरींनी बांधल्या आहेत.

हे सगळं भावावर उभं आहे, आणि भाव करायची माझी रीत ठरलेली आहे. जी चादर हवी ती हातात घ्यायची नाही. उठून निघालं की वळून बघायचं नाही. आणि बोलणं चालू असताना फोन पर्समध्ये, आवाज बंद. मध्येच फोन घेतला की समोरच्याला कळतं, हिला दुसरीकडे जायची घाई आहे. घाई असलेल्या बाईला कोणी भाव उतरवून देत नाही.

कुत्रा मुलीने आणला होता, सातवीत असताना, सांगानेरच्या एका छापखान्याच्या अंगणातून. तपकिरी, साधा रस्त्यावरचा. पुढचा उजवा पंजा पांढरा. डावा कान दुसऱ्या वर्षीच कॉलनीतल्या मारामारीत फाटला. मुलीने त्याला नाव ठेवलं होतं, नवराही तेच घ्यायचा. मी त्याला नुसतं "ए" म्हणायची, आणि तेवढ्यावर तो यायचा. मुलगी शिकायला गेली, मग नोकरीला गेली. नवरा निवृत्त झाला आणि कुत्रा त्याच्याकडे गेला. सकाळी फिरवणं, आंघोळ, गोचिड्या काढणं, सगळं तोच करायचा. माझ्याकडे फक्त पोळी होती. कणीक मळताना त्याच्या दोन पोळ्यांची मी वेगळी काढायची, मिठाशिवाय. तेरा वर्षं.

या फाल्गुनात मी नाशकात होते. लग्नसराईच्या मालाचा भाव ठरवायला गेले होते. निघाले तेव्हा कुत्रा आठ दिवस नीट खात नव्हता, पण उठून दारापर्यंत येत होता. डॉक्टरांनी किडनीचं सांगितलं होतं, औषध चालू होतं. चार दिवसांत येते, असं मी नवऱ्याला म्हटलं. तिसऱ्या दिवशी, दुपारी साडेचारला मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "झालं." मला आधी कळलं नाही काय झालं. मग त्याने सांगितलं, डॉक्टरांना घरी बोलावून इंजेक्शन दिलं. झटके येत होते. कॉलनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर, कडुनिंबाखाली पुरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याचं ताट घासून पालथं घातलेलं होतं. ते ताट बघून मी नवऱ्याला जे बोलले ते शेजारच्या घरी ऐकू गेलं असणार. माझ्या घरातला निर्णय मला न विचारता घेतला, हेच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. या घरात पडद्याचं कापडसुद्धा मला विचारल्याशिवाय आलेलं नाही, आणि हे मला न विचारता. नवरा भांडणारा माणूस नाही. तो उभा राहून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "चहा ठेवू का?"

त्यानंतर आमच्यात दूध आलं का आणि सिलिंडरचा नंबर लावला का एवढंच बोलणं राहिलं. मला रडू येत नव्हतं. दात काढायच्या आधी सुई मारल्यावर गाल कसा होतो, तसं सगळं झालं होतं. हात लावला तर कळायचं की आपलंच आहे. कणीक मळताना बिनमिठाचा गोळा हाताने वेगळा निघायचा. तो मी परत परातीत मिसळायची.

मी चित्रकार शोधायला निघाले ते अशा दिवसांत.

जुन्या शहरात, परकोट्याच्या म्हणजे तटाच्या आत, आधी एका दुकानात गेले. तिथे भिंतभर फेटे घातलेले कुत्रे होते. दुकानदार म्हणाला, परदेशी लोक हेच मागतात, तुमच्या कुत्र्यालाही महाराजा करून देतो. आमच्या कुत्र्याने जन्मात गळ्यात पट्टा ठेवून घेतला नव्हता, दोनदा चावून तोडला होता. मी बाहेर आले. दुसऱ्या एका माणसाने एका गल्लीचा पत्ता दिला. दोन जिने चढून गेल्यावर गच्चीलगतची खोली, आणि खिडकीच्या उजेडात मांडीवर तिरपी फळी घेऊन बसलेला सत्तरीचा माणूस. समोर शिंपल्यांत रंग, प्रत्येक शिंपल्यात बोटभर. हातातला ब्रश इतका बारीक की पुढे केस आहेत हे मला चष्मा लावल्यावर दिसलं. खारीच्या शेपटीचे केस, तो म्हणाला.

मी नेहमीप्रमाणे आधी दुसऱ्याच चित्रांकडे बघितलं. हत्तीचं काय घेता, मोराचं काय घेता. मग सहज विचारल्यासारखं कुत्र्याचं विचारलं. तो म्हणाला बारा हजार, एकेक केस वेगळा काढावा लागतो. त्याच्या सगळ्या चित्रांत माणसं काय, घोडे काय, एका बाजूने काढलेले. एकच डोळा, एकच कान. मी म्हटलं, अर्धंच तोंड दिसतं तर दामही अर्धे घ्या.

तो हसला नाही. ब्रश शिंपल्यात टेकवून म्हणाला, "बहनजी, फिर तो राजाओं ने भी आधे ही दिए होंगे."

मला तो माणूस आवडला. भाव करताना माणूस आवडणं चांगलं नाही. तरी अर्ध्या तासात मी सात हजारांवर आणलं. ते कसं आणलं हेही सांगते, कारण पुढचं त्यातून आलं. जुन्या चित्रांत कुत्रा कधी एकटा नसतो, असं त्याचं म्हणणं होतं. शिकारी असतो, राणीचे पाय असतात, झाड असतं, निदान एखादा पक्षी. जनावर हवेत बघत नाही, ते कशाकडे तरी बघतं. मी विचारलं, झाडाचे किती, माणसाचे किती. प्रत्येकाचे वेगळे होते. मी एकेक काढत गेले. झाड नको. माणूस नको. गवत नको. जमिनीची एक रेघ राहू दे. शेवटी त्याने विचारलं, तोंड कुठल्या बाजूला. मी म्हटलं, ज्या बाजूला स्वस्त पडेल त्या बाजूला. तो म्हणाला, दोन्ही बाजूंचा भाव एकच आहे. मग डावीकडे, मी म्हटलं, फाटका कान दिसू दे.

मग त्याने फोटो मागितले.

माझ्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत, आणि सगळे चादरींचे. नवीन माल आला की मी गच्चीवर चादर पसरते, फोटो काढते, अकरा दुकानांना पाठवते. चादर पसरली की कुत्रा यायचा आणि तिच्यावर बसायचा. मी ओरडायची, तो उठायचा, कडेला सरकायचा. म्हणून माझ्या फोटोंत तो कायम कडेला आहे. निळ्या बुट्ट्यांच्या चादरीच्या कोपऱ्यात शेपूट. लाल जाळीच्या चादरीवर पाठ आणि एक कान. एकात झोपलेला, पंजा उशीच्या अभ्र्यावर. चित्रकार फोटो सरकवत गेला, सरकवत गेला.

"बहनजी, चादर बनानी है या कुत्ता?"

मी म्हटलं, कुत्रा. तो म्हणाला, घरात आणखी कुणाकडे नाहीत का फोटो? मी म्हटलं, नाहीत.

होते. नवऱ्याच्या फोनमध्ये कुत्र्याशिवाय दुसरं काही नव्हतं. रोज सकाळी बागेतला एक फोटो तो काढायचा, मला दाखवायचा, आणि मी "हं" म्हणायची. पण ते फोटो मागायचे म्हणजे मी माझा राग सोडला असा अर्थ झाला असता. मला कुत्र्याचं तोंड नवऱ्याशिवाय परत हवं होतं. मला न विचारता त्याने घेतलं होतं, मी त्याला न विचारता परत आणणार होते. तेव्हा डोक्यात एवढंच होतं.

चित्रकाराने माझे वीस-बावीस फोटो आपल्या फोनवर घेतले. एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणाला. त्याच्या घराण्यात डोळा शेवटी काढतात. बाकी सगळं झालं की गिऱ्हाइकाला बोलावतात, आणि समोर बसवून डोळा उघडतात. मी म्हटलं, त्याचे वेगळे नाही देणार. तो म्हणाला, ते सातमध्येच.

तीन आठवडे गेले. त्या काळात मी एकदा भुसावळला आणि दोनदा सांगानेरला जाऊन आले. घरात काही बदललं नव्हतं. नवरा सकाळी फिरायला जायचा, पण आता लवकर परत यायचा. एकट्याने फिरायला काही वेळ लागत नाही.

चित्रकाराचा फोन आला, मी दुपारी गेले. त्याने फळीवरचं पातळ कापड उचललं. विटक्या रंगाचा जुना कागद, खाली जमिनीची रेघ, आणि तिच्यावर बसलेला तो. पाठीचा बाक बरोबर होता. पंजा पांढरा. फाटलेला कान इतका बरोबर की मी बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. डोळ्याच्या जागी कागद तसाच मोकळा होता. त्यामुळे सगळं असूनही तो कुणाचाही कुत्रा होता.

चित्रकाराने विचारलं, डोळ्याचा रंग. मी म्हटलं, काळा. तो म्हणाला, सगळे काळाच सांगतात, काळा डोळा कुठल्याच जनावराचा नसतो. मग त्याने विचारलं, वय झाल्यावर डोळ्यावर पांढरट सारा आला होता का. मला सांगता येईना. त्याने विचारलं, हा बघायचा कसा, म्हणजे मान खाली घालून वर बघायचा, की सरळ. मी आठवायला लागले. पोळी टाकताना मला त्याचं डोकं दिसायचं, वरून. चादरीवरून उठवताना पाठ दिसायची. घरात शिरताना तो पायांत यायचा, मी पिशव्या सांभाळायची. तेरा वर्षं मी त्याला खाऊ घातलं आणि त्याचा डोळा मला आठवत नव्हता.

चित्रकाराने ब्रश बाजूला ठेवला. म्हणाला, "आज रहने देते हैं. किसी ऐसे को ले आइए जिसने इसकी आँख देखी हो."

मला राग आला. मी म्हटलं, मी त्याला सांभाळलं आहे, तुम्ही मला शिकवू नका, कुठलाही डोळा काढा आणि मोकळे व्हा. त्याने ब्रश पाण्यात बुडवून पुसला. मी म्हटलं, मग डोळ्याचे पैसे कमी करा. त्याने कापड चित्रावर परत घातलं आणि चारही कोपरे हाताने सारखे केले. मी उठले. सवयीप्रमाणे जिन्यापर्यंत गेले. अशा वेळी मागून हाक येते, आणि भाव तिथे तुटतो. हाक आली नाही. मी खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, त्याचे फोटो द्या जरा."

त्याने विचारलं नाही कशाला. फोन उघडला आणि माझ्यापुढे ठेवला. कप घेऊन तो व्हरांड्यात गेला.

मी शेवटून बघायला सुरुवात केली. सगळ्यात शेवटी एक व्हिडिओ होता, वीस-पंचवीस सेकंदांचा. त्या दिवशीच्या सकाळचा, म्हणजे इंजेक्शनच्या आधीचा. कुत्रा व्हरांड्याच्या फरशीवर पडलेला, हनुवटी जमिनीला टेकलेली. डोळे उघडे. मधासारखे तपकिरी, मध्ये निळसर ढग. गेटकडे बघतोय. शेपूट हलत नाही, कान हलत नाही, नुसता बघतोय. आणि मागून नवऱ्याचा आवाज. "कोण येणार? ती येणार? उद्या येणार हं ती. उद्या."

मी फोन घेऊन व्हरांड्यात गेले. विचारलं, हे मला का नाही पाठवलं.

"तू कामात होतीस."

"असा गेटकडे का बघतोय तो?"

"तू गेलीस की असाच बसायचा. दर वेळी. पहिल्या दिवशी संध्याकाळपासून गेटकडे तोंड. मी बोलावलं तरी यायचा नाही. तू आलीस की संपलं."

मग तो म्हणाला, मला वाटलं तुला माहीत आहे.

मला माहीत असायला मी घरी नसायची. तो डोळा मी नसतानाचा होता.

वर मी लिहिलं आहे की नवऱ्याने मला विचारलं नाही. ते पुरतं खरं नाही. त्या दिवशी नाशकात, अकरा आणि साडेबाराच्या मध्ये, त्याचे चार फोन आले होते. पर्स माझ्या मांडीवर होती आणि ती थरथरली. पहिल्यांदा मी पर्सवर हात ठेवला. दुसऱ्यांदा जरा घट्ट धरली. समोरचा दुकानदार शंभर चादरींच्या भावावर अडून बसला होता, आणि मला माहीत होतं की मी पर्स उघडली तर तो सुटतो. मला वाटलं, नवऱ्याला इन्व्हर्टरचं पाणी कुठे आहे ते हवं असेल. तिसरा आणि चौथाही आला. मी चादरीमागे चार रुपये वाढवून घेतले. जेवले. मग लॉजवर जाऊन पाय वर करून पडले, आणि साडेचारला फोन केला. चौथ्या फोननंतर डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, आत्ता द्यायचं तर देतो, नाहीतर उद्या सकाळी, पण हा उद्यापर्यंत असाच राहणार. व्हरांड्यातल्या त्या सकाळपर्यंत नवऱ्याने मला यातलं काही ऐकवलं नव्हतं. मी घर डोक्यावर घेतलं तेव्हाही नाही. चार फोन माझ्याच फोनमध्ये लाल अक्षरांत पडून होते, ते मी इतके दिवस बघून न बघितल्यासारखे केले.

तरी माझं म्हणणं आहे की त्याने पाचव्यांदा करायला हवा होता. मी त्याला तेही बोलले, तिथे व्हरांड्यातच. तो म्हणाला, "हो, करायला हवा होता." त्याच्याशी भांडता येत नाही ते यासाठी.

त्याच दुपारी आम्ही दोघं जुन्या शहरात गेलो. दोन जिने चढताना नवरा मध्ये थांबला, त्याचे गुडघे दुखतात. चित्रकाराने त्याला नमस्कार केला, माझ्याकडे फक्त बघितलं. नवऱ्याने व्हिडिओ लावून दिला. आवाज बंद करायचं त्याच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे त्या खोलीत पुन्हा तेच ऐकू आलं, कोण येणार, ती येणार. चित्रकाराला मराठी कळत नव्हतं. त्याने दोनदा बघितला. मग नवऱ्याला विचारलं, कुणाकडे बघतोय.

"इनको," नवरा म्हणाला. हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "मतलब, ये थीं नहीं. इनका रास्ता देख रहा है."

चित्रकार एका शिंपल्यात पाण्याचा थेंब टाकून रंग घोटायला लागला. घोटता घोटता त्याने मला खोलीच्या डाव्या कडेला, जिन्याच्या तोंडाशी असलेल्या लाकडी खोक्यावर बसायला सांगितलं. कुत्र्याचं तोंड त्या बाजूला होतं. डोळा उघडताना ज्याच्याकडे बघायचं तो माणूस तिथे असला तर हात चुकत नाही, असं त्याच्या वडिलांचं म्हणणं होतं. मला हे पटण्यासारखं नव्हतं. मी बसले.

चाळीस मिनिटं लागली असतील. तिथून मला चित्र दिसत नव्हतं, फळीची मागची बाजू आणि चित्रकाराचं कपाळ दिसत होतं. नवरा त्याच्या खांद्यामागून बघत होता. मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होते, की त्यावरून काही कळेल. एकदा त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत लावला. बाकी काही नाही. गल्लीतून गॅसवाल्याची हाक गेली. माझा पाय जड झाला, तो मी हलवला नाही.

मग चित्रकाराने मला बोलावलं. मी उठून बघितलं. तो होता. लिहिण्यासारखं तेवढंच आहे. लोक सांगतात की अशा वेळी भरून येतं. माझा गाल अजून तसाच होता, सुई मारलेला. कुत्रा कागदाच्या कडेकडे बघत होता, जिथे मी झाड नको, माणूस नको, काही नको म्हटलं होतं.

चित्रकार म्हणाला, डावीकडे जागा आहे, म्हणाल तर एक गेट काढून देतो, हजार वाढतील. माझ्या तोंडून आपोआप पाचशे निघालं. नवऱ्याने माझ्या दंडाला हात लावला. खूप दिवसांनी लावला. "राहू दे गं," म्हणाला. "तिथे काही नव्हतंच."

आम्ही सात हजार देऊन चित्र घेऊन आलो.

घरी टांगायचा प्रश्न आला. नवऱ्याने ते टीव्हीच्या वर धरलं. बरं दिसत होतं, उजेडही चांगला होता, पण तिथे त्याचं तोंड स्वयंपाकघराकडे जात होतं. मी म्हटलं, तिकडे नको, दाराकडे येऊ दे. डावीकडे तोंड असलेला कुत्रा दाराकडे बघायला हवा तर तो एकाच भिंतीवर बसतो, आणि त्या भिंतीला माझं नमुन्यांचं कपाट आहे. नवरा म्हणाला, कपाट कुठे नेणार, ते तुझ्या धंद्याचं आहे. मी म्हटलं, वर न्या. दोन माणसं बोलावून कपाट वरच्या खोलीत नेलं. आता प्रत्येक नमुन्यासाठी मला जिना चढावा लागतो. नवऱ्याने खिळा ठोकला, मी लांबून सरळ आहे का सांगितलं. दोनदा वाकडा गेला. मी दोन्ही वेळा त्याला बोलले.

मुलीला फोटो पाठवला. तिने लिहिलं, सेम टु सेम. मग तिने किती पडले ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाली की ऑनलाइन चार हजारांत होत होतं.

गेल्या महिन्यात पुन्हा नाशकाला गेले, त्याच दुकानात. निघताना दारात सँडल घातल्या, पिशव्या उचलल्या. त्या भिंतीकडे बघितलं आणि गेले. नवरा गेटपर्यंत आला.

दुकानात बसल्यावर मी पर्समधून फोन काढला आणि समोर, गादीवर, उताणा ठेवला. आवाज चालू. दुकानदार जुना आहे, माझी रीत ओळखतो. तो फोनकडे बघून म्हणाला, "ताई, कुणाचा फोन यायचाय का?"

मी म्हटलं, नाही.

त्याचा विश्वास बसला नाही. दीड तास बोललो. मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले. तो एक रुपयासुद्धा चढला नाही. मधून मधून तो फोनकडे बघत होता आणि मीही बघत होते. शेवटी मी त्याच्याच दराने माल दिला.

फोन वाजला नाही. नवरा मला कामाच्या वेळी आता फोन करत नाही.